पावसाळ्यात काड्यांचं शिल्प कललं, तर आधी त्याचा पाय बघा

आषाढ लागला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, ते घरटं एका अंगाला गेलंय." कुणाची कमान, कुणाचा मोर, कुणाच्या शाळेतला काड्यांचा बोगदा. गेली नऊ वर्षं मी सांगली आणि सातारा जिल्ह्यांत निरगुडी, घाणेरी, बांबू आणि द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या विणून मोकळ्या जागेत शिल्पं उभी करते. शाळांची अंगणं, कृषी पर्यटन केंद्रं, लग्नाची लॉन अशा जागा. जेवढी शिल्पं उभी केली, त्याहून जास्त कललेली सरळ केली असतील. त्यांत माझी होती तशी दुसऱ्यांचीही.

तक्रार दर वेळी तीच असते, आणि मी पोचेपर्यंत लोकांनी करून पाहिलेला उपायही तोच. वरून आणखी काड्या खोचलेल्या असतात, आणखी तार आवळलेली असते. त्यानं भार वाढतो आणि कललेलं शिल्प आणखी खाली येतं. विणीत खोट क्वचितच सापडते. खोट असते मातीच्या रेघेवर, म्हणजे जमिनीच्या वर वीतभर आणि खाली वीतभर एवढ्या पट्ट्यात. मी ज्या क्रमानं तपासते त्याच क्रमानं पुढं लिहिते. पहिल्या दोन तपासण्यांना दमडी लागत नाही, आणि निम्मी कामं तिथंच मिटतात.

आधी दिसणाऱ्या खुणा

शिल्प एका रात्रीत कलत नाही. पंधरा-वीस दिवस आधीपासून खुणा दिसतात, फक्त बघणाऱ्याचं लक्ष उंचावर असतं आणि खुणा जमिनीलगत असतात.

- काठी जिथं मातीत शिरते तिथं भोवती बोट जाईल एवढी फट पडते.
- कमानीचं गोल तोंड लांबट दिसायला लागतं, किंवा एका बाजूची वीण ताणलेली आणि दुसऱ्या बाजूची फुगलेली दिसते.
- बुडाशी अळिंबीच्या छोट्या छत्र्या उगवतात.
- बांबूखाली पिवळसर बारीक पीठ साचतं.
- काठीवर पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या चढतात.
- बंध सैल पडून हाताने फिरतात.

एक खूण कानाची आहे. दोन्ही हातांनी शिल्प धरून हलकेच हलवा. करकर आवाज आला तर घाबरू नका, काड्या एकमेकींवर घासतायत, म्हणजे अजून ताठ आहेत. हलवल्यावर काहीच आवाज न येता सगळं मऊपणानं मागंपुढं झालं, तर मात्र पाय गेलेला असण्याची शक्यता मोठी.

तपासायला बसण्याआधी मुलांचं येणं-जाणं बंद करा. शिल्पाच्या उंचीएवढं अंतर सोडून चारी बाजूंनी दोरी बांधा. आत शिरून खेळायचं शिल्प असेल तर हे आजच करा.

पहिली तपासणी: अंगावर काय चढलंय?

हौसेनं लोक शिल्पावर वेल सोडतात. दोडका, कारलं, गारवेल. दिसतं सुंदर, पण पावसात भिजलेल्या वेलाचं वजन काड्यांच्या विणीवर जातं आणि पानांचं शीड होऊन वारा अडतो. काड्यांची नुसती वीण वाऱ्याला वाट देते, म्हणूनच ती उभी राहते. वेल बुंध्याशी कापा आणि चार दिवस वाळू द्या. हिरवा वेल ओढून काढू नका, त्याच्याबरोबर वीणही येते. आत साचलेला पालापाचोळा हाताने काढताना हातमोजे घाला आणि आधी काठीनं ढवळून घ्या, ओल्या पाल्यात विंचू असतो. मोराच्या पोटातून मी एकदा तीन पाट्या ओला पाला काढला. संध्याकाळपर्यंत मोर चार बोटं वर आला होता. बाकी काहीच करावं लागलं नाही.

दुसरी तपासणी: अजून कलतंय, की कलून थांबलंय?

गवंड्याचा ओळंबा घ्या. नसेल तर दोरीला दगड बांधा. शिल्पाच्या सर्वांत उंच टोकापासून सोडा, दगड जमिनीला जिथं टेकतो तिथं खुंटी ठोका. आठ दिवस रोज त्याच वेळेला बघा. दगड खुंटीवरच राहिला तर शिल्पानं नवी बैठक धरली आहे, घाई नाही, पावसाळा उलटल्यावर दुरुस्ती करता येईल. दोन दिवसांत बोटभर सरकला तर मात्र आजच टेकू द्या, फांदीचं बेचकं असलेला बांबू चालतो, आणि पुढच्या तपासण्या लगेच करा.

ही पायरी लोक सोडून देतात, कारण आठ दिवस थांबवत नाही. पण एक शिल्प असंच कलून थांबलं होतं. मालकांनी मजूर लावून ते ओढून सरळ केलं, आणि धरून ठेवलेले सगळे पाय एकाच दुपारी मोडले.

तिसरी तपासणी: बंध

ओली काठी वाळताना आकसते. दसऱ्याला आवळून बांधलेला बंध होळीपर्यंत आपोआप सैल होतो, कारण दोरी तेवढीच आणि काठी बारीक. सुतळी तर एका पावसाळ्यात कुजते. काथ्या जास्त टिकतो, डांबर लावलेला काथ्या त्याहून जास्त. भार पेलणाऱ्या जोडांवर मी सोळा गेजची जीआय तार वापरते आणि खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालते, नाहीतर तार काठीला चिरत जाते.

सैल बंध कापून टाकायच्या आधी शेजारी नवा बांधा. एका वेळी एकच. नवी काठी खोचायची असेल तर ती वर्षभर वाळलेली किंवा निदान तीन-चार महिने सावलीत ठेवलेली असावी.

चौथी तपासणी: पाय

इथं खुरपं आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन गुडघ्यांवर बसायचं. काठीभोवतीची माती वीतभर खोल बाजूला करा. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक काठीत दाबा: आधी जमिनीपासून हातभर वर, मग रेघेवर, मग खाली. वर टोक अडतं. खाली खोलवरही पुष्कळदा अडतं. रेघेवर मात्र ते पावात शिरावं तसं आत जातं.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. कोरडं लाकूड टिकतं, आणि पूर्ण पाण्याखालचं लाकूडही टिकतं. उंबराचं लाकूड बाहेर लवकर खराब होतं, पण पाण्याखाली टिकतं, म्हणून जुने लोक विहिरीच्या कामाला ते वापरायचे. मातीच्या रेघेवर ओल खालून येते आणि हवा वरून, म्हणून बुरशीला तिथं दोन्ही मिळतात. कळक म्हणजे बांबू असो की घाणेरी, तिथंच जातं.

वाई-मेणवलीकडच्या जुन्या वाड्यांत लाकडी खांब मातीत पुरलेला दिसत नाही. तो तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर उभा असतो. शेकडो वर्षांच्या खांबांनी जे पाळलं, ते आपण बोटाएवढ्या काडीच्या बाबतीत विसरतो आणि तिला थेट चिखलात रोवतो.

आता मातीचं. आपल्या दोन जिल्ह्यांत ती एकसारखी नाही, आणि कारण ओळखायला हा फरक फार उपयोगी पडतो.

कृष्णाकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. चैत्र-वैशाखात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि रोवलेल्या काठीभोवती हमखास पडतात, कारण तिथं माती एकदा उकरलेली असते. पाय मोकळा होतो. मग वळवाचा पाऊस वाऱ्यासकट येतो आणि शिल्प कलतं. लोक म्हणतात पावसानं पाडलं, पण सुरुवात उन्हानं केलेली असते. हे मला २०१९ च्या महापुरानंतर नीट कळलं. नदीजवळची एक कमान कित्येक दिवस पाण्यात होती. पाणी उतरलं तेव्हा तिच्या विणीत पाचट, चिंध्या, प्लास्टिक अडकलेलं होतं, पण कमान ओळंब्यात होती. ती कलली पुढच्या मार्चमध्ये, एक थेंब पाऊस नसताना, जमीन फाटल्यावर.

पाचगणी-महाबळेश्वरकडं उलट. तिथं जांभ्याची तांबडी माती, ती फारशी फुगत नाही, फाटत नाही. पण महाबळेश्वरात वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर काठीला वाळायला उसंतच मिळत नाही. तिथं पाय सैल होण्याआधी कुजतो. माण किंवा जतला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तिथं माझी दोन शिल्पं चौथ्या वर्षीही उभी आहेत आणि त्यांना त्रास आहे तो वाळवीचा.

म्हणून पायाशी फट आहे पण काठी टणक आहे, तर दुखणं मातीचं. फट नाही पण काठी मऊ आहे, तर दुखणं कुजण्याचं. पहिल्याला मुरूम लागतो, दुसऱ्याला नवा पाय.

आणखी एक गोष्ट इथंच तपासा: पायाभोवती कुणी सिमेंट ओतलंय का. हेतू चांगला असतो. पण काठी आकसली की सिमेंट आणि काठी यांच्यात फट राहते, तिच्यात पाणी उतरतं आणि त्या वाटीतून बाहेर जायला वाट नसते. सिमेंटमधला पाय उघड्या मातीतल्या पायाच्या आधी कुजलेला मी कितीदा तरी पाहिलाय. सिमेंट दिसलं की कडेनं फोडा.

पाचवी तपासणी: भुंगा की वाळवी?

पीठ पडलंय म्हणजे भुंगा. मातीच्या नळ्या चढल्यात म्हणजे वाळवी. दोन्हींचा उपाय वेगळा, म्हणून आधी ओळखा.

भुंगा बांबूतल्या स्टार्चसाठी येतो. म्हणून पावसाळ्यात कापलेला कोवळा बांबू पहिला बळी पडतो. थंडीत कापलेला तीन वर्षांपुढचा बांबू घ्यायचा. मिरजेकडच्या एका बुरूडकाकांनी मला हे शिकवलं. ते कांब नखानं वाजवत, मग सालीला चीर देऊन पीठ बोटावर घेत. एकदा माझ्या ढिगातली एक कांब बाजूला टाकून म्हणाले, "ताई, ह्यो अजून कवळा हाय. ह्याला किड्याची मेजवानी हुणार." मी तरीही ती वापरली, घाईत होते. गणपतीपर्यंत तिच्याखाली पिठाची रांगोळी पडली.

बांबू वापरण्याआधी वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायची जुनी रीत चांगली आहे, स्टार्च धुऊन जातो. टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवण्याची पद्धतही चालते: १०० लिटर पाण्याला ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक ॲसिड, चिरलेल्या कांबी आठ-दहा दिवस. पण हे मीठ पावसात धुपतं. छपराखालच्या बांबूला त्याचा खरा उपयोग. उघड्यावरच्या शिल्पाला दर वर्षी वरून तेल किंवा वॉर्निशचा हात दिला तरच काही काळ टिकतं, आणि मातीत गेलेल्या पायाला तर त्याचा भरवसा धरूच नये. शिल्प उभं झाल्यावर भुंगा लागला असेल तर ती कांब कापून काढा आणि जाळा. फवारून आत पोचत नाही.

वाळवीच्या नळ्या मोडा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. परत बांधल्या असतील तर वारूळ जिवंत आहे. शिल्प घरापासून दूर असेल तर पाय मातीपासून उचलणं हाच टिकाऊ इलाज. घराच्या भिंतीला लागून असेल तर इथंच थांबा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. मातीत ओतायची औषधं विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात उतरतात, ती स्वतः ओतू नका.

तासगाव, पलूसकडच्या लोकांसाठी एक सूचना. खरड छाटणीच्या आणि ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षकाड्या फुकट मिळतात, लवचीक असतात, विणायला हाताला गोड लागतात. पण त्या फक्त भरावाला वापरा, पायाला कधीच नाही. आणि शिल्प बागेजवळ असेल तर मुळीच वापरू नका. सुट्या सालीखाली पिठ्या ढेकूण लपतो, काड्यांवर रोग असतो. शेजाऱ्याच्या बागेत दुखणं गेलं तर वर्षाचं पीक जातं.

दुरुस्ती: नवा पाय लावणं

पाय मऊ निघाला तर काठी बदलायची गरज नसते, तिला जोडखांब द्यायचा. पावसानं चार दिवस भिजल्यावर उघडीप मिळेल तो दिवस निवडा. वाळलेली वीण वाकवायला गेलात तर तुटते, भिजलेली ऐकते.

आधी कललेल्या बाजूला दोन टेकू. मग एकच पाय उघडा. सगळे पाय एकदम उघडायचे नाहीत, कितीही माणसं हाताशी असली तरी. कुजलेला भाग टणक लाकडापर्यंत कापा. शेजारी सव्वा इंची जीआय पाइप किंवा लोखंडी अँगल घ्या, पाच फुटांचा: अडीच फूट जमिनीत, अडीच फूट वर. काळ्या मातीत तीन फूट जमिनीत जाऊ द्या आणि पाइप तेवढा लांब घ्या. खड्ड्यात निघालेली काळी माती परत घालू नका. मुरूम आणि दगडाच्या कपच्या वीतवीत थर टाकून पहारीनं ठोकत या. मुरूम फुगत नाही आणि पाणी धरून ठेवत नाही. वरचा थर बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. कापलेल्या काठीचं टोक जमिनीपासून तीन बोटं वर, एका चपट्या दगडावर टेकवा. हाच तिचा तळखडा. पाइपला तीन ठिकाणी बांधा.

सगळे पाय झाले की सरळ करणं. उंचीच्या दोन-तृतीयांशावर रुंद पट्टा गुंडाळा, नुसती दोरी काड्या कापते. रोज दोन बोटं ओढा, टेकू सरकवा, थांबा. कडकड आवाज आला तर त्या दिवसाचं काम संपलं.

निरगुडीचा एक गुण इथं कामी येतो. पावसाळ्यात तिची हिरवी फांदी रोवली तर मूळ धरते. जोडखांबाशेजारी दोन-तीन फांद्या लावून वर विणीत गुंतवल्या तर वर्षभरात शिल्पाला जिवंत पाय मिळतो, आणि जिवंत पाय कुजत नाही. घाणेरीचं मात्र असं कधीही करू नका. ती हिरवी रोवली तर फुटेल आणि शिवार खाईल. घाणेरी वाळवूनच वापरायची. आणि कारवीचा मोह कितीही झाला तरी कास, कोयना, चांदोलीच्या जंगलातली कारवी तोडू नका.

कधी सोडून द्यायचं

अर्ध्याहून जास्त पाय मऊ असतील तर दुरुस्ती करू नका, शिल्प उतरवा. हे मालकांना सांगताना मलाही जड जातं. पण काड्यांचं काम मुळातच थोड्या दिवसांचं आहे. अमेरिकेतले पॅट्रिक डॉहर्टी चाळीसहून अधिक वर्षं कोवळ्या झाडांच्या फांद्या विणून घरांएवढी शिल्पं करत आले, आणि त्यांचंही शिल्प साधारण दोन वर्षंच उभं राहतं, मग उतरवतात. निलगिरीतल्या आदिवासी कारागिरांनी केलेले घाणेरीचे हत्ती २०२१ मध्ये लंडनच्या बागांत उभे होते. ते टिकाऊ आहेत, कारण आत लोखंडी सांगाडा आहे, काडी फक्त कातडी आहे. तुम्हाला पाच वर्षांचं शिल्प हवं असेल तर तसं आधीच सांगा, सांगाडा करूनच विणू. नुसत्या काड्यांकडून पाच वर्षं मागू नका.

इथं हात लावू नका, माणूस बोलवा

शिल्प दोन पुरुष उंचीच्या वर असेल आणि लोक त्याच्या खालून जात असतील, तर बांधकामाची जाण असलेल्या इंजिनिअरला दाखवा. सार्वजनिक जागेत तर दाखवल्याशिवाय दोरी सोडूच नका. घाटातल्या उतारावर किंवा बांधाच्या कडेला असेल आणि शिल्पाबरोबर जमीनही सरकलेली दिसत असेल, तरीही तेच.

पडल्यास विजेच्या तारेला लागेल असं असेल तर ओढाओढ बंद. आधी महावितरणला कळवा, पुरवठा बंद केल्याची खात्री झाल्यावरच काम.

विणीत मोहोळ बसलं असेल तर धूर करू नका. आग्या मोहोळ जीव घेऊ शकतं आणि कोरड्या काड्या धुराच्या एका ठिणगीनं पेटतात. मधमाश्या काढणारा जाणकार बोलवा.

बुडाशी कात दिसली किंवा फटीतून काही सरकताना दिसलं, तर खुरपं तिथंच ठेवून मागं या. काड्यांच्या गारव्याला घोणस आणि मण्यार दोन्ही येतात. सर्पमित्राला फोन करा, आणि तो येईपर्यंत एक जण लांब उभा राहून नजर ठेवू द्या, म्हणजे साप कुठल्या पायाशी गेला ते त्याला दाखवता येईल.